वेष्टन फेकू नका: परदेशी गोडाच्या शोधातले गैरसमज

परदेशातून आणलेला गोडाचा डबा चार दिवसांत रिकामा होतो. शेजारी, ऑफिस, मुलांचे मित्र असं वाटत वाटत तो संपतो आणि मग घरातलं कोणीतरी म्हणतं, ‘ते पुन्हा मिळालं पाहिजे.’ मुंबईकर क्रॉफर्ड मार्केट गाठतात, बाकीचे मोबाइलवर नाव टाकून बघतात. वस्तू बऱ्याचदा मिळतेही, पण दामदुप्पट पैसे मोजून तोंडात टाकली की चव निराळी लागते. मग ‘आपल्याकडे येतं ते सगळं भेसळीचं’ असा शेरा ठरलेला. हा शेरा मला मनापासून खटकतो, कारण तो बहुतेक वेळा खरा नसतो. आपण नेमकं काय शोधतोय, हेच आपण पाहिलेलं नसतं. म्हणून आधी एक विनंती: डबा रिकामा झाला तरी वेष्टन जपून ठेवा. कुठे बनलं, कशाचं बनलं आणि कधीपर्यंत टिकतं, या तीन गोष्टी त्यावर छापलेल्या असतात. शोध त्यांच्यापासून सुरू करायचा, पुढच्या बाजूच्या मोठ्या अक्षरांतल्या नावापासून नाही.

‘नाव तेच, म्हणजे वस्तूही तीच’

किटकॅटचंच बघा. त्याचा जन्म १९३५ साली इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात, राउनट्री कंपनीत झाला. १९८८ साली नेस्लेने ती कंपनी घेतली. पण त्याआधीच, १९७० साली, अमेरिकेत किटकॅट बनवण्याचा परवाना हर्शी कंपनीला मिळालेला होता आणि तो आजही तिच्याकडेच आहे. जपानमध्ये १९७३ पासून मिळणारं किटकॅट पुढे माचा, रताळं, साके अशा शेकडो चवींत निघालं. आपल्याकडचं किटकॅट गोव्यातल्या फोंडा तालुक्यातही तयार होतं. वेष्टन सगळीकडे लाल, पण दूध वेगळं, कोकोचं प्रमाण वेगळं, साखर वेगळी. न्यू जर्सीहून आलेल्या मामाने दिलेलं किटकॅट आणि कोपऱ्यावरच्या दुकानातलं किटकॅट सारखं लागत नाही, ते यामुळे.

चॉकलेट कशाला म्हणायचं, हेही प्रत्येक देशाचा कायदा आपापलं ठरवतो. युरोपीय संघात मिल्क चॉकलेटमध्ये कोकोचा अंश किमान २५ टक्के आणि दुधाचा १४ टक्के लागतो. ब्रिटन आणि आयर्लंडला दोन्ही २० टक्के असलेलं, म्हणजे जास्त दुधाचं चॉकलेट त्याच नावाने विकायची वेगळी सवलत मिळाली. अमेरिकेत कोकोच्या बियांचा लगदा १० टक्के असला तरी चालतो. लंडनची डेअरी मिल्क जास्त दुधाळ लागते आणि ब्रसेल्सचं चॉकलेट जास्त गडद, यात एक खरं नि दुसरं खोटं असं काही नाही. ज्या चवीची सवय जिभेला आठ-दहा दिवसांत लागली, ती कुठल्या देशाच्या नियमातून आली एवढंच लक्षात ठेवायचं, आणि त्या देशात बनलेला माल शोधायचा.

‘कोको बटरशिवाय दुसरी चरबी म्हणजे भेसळ’

या गैरसमजावर मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण त्याची वाट थेट आपल्या कोकणात येते.

कोको बटर साधारण ३४ अंश सेल्सिअसला वितळतं. तोंडातली ऊब त्याहून थोडी जास्त असते, म्हणून चांगलं चॉकलेट जिभेवर ठेवताच विरघळतं. तोच गुण नागपूरच्या मे महिन्यात अडचणीचा होतो. म्हणून गरम हवेच्या देशांत विकायच्या चॉकलेटची घडण थोडी बदलतात. युरोपातही चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज ५ टक्क्यांपर्यंत इतर वनस्पतिजन्य चरबी घालायला २००० सालच्या युरोपीय निर्देशानुसार परवानगी आहे, फक्त तसं वेष्टनावर स्पष्ट लिहावं लागतं. कुठली चरबी चालते, याची यादीही त्या निर्देशात दिलेली आहे. त्यात सहाच नावं आहेत: इलिपे, पामतेल, साल, शिया, कोकम आणि आंब्याची कोय.

यादीतलं कोकम म्हणजे आपलं रातांबाच. सिंधुदुर्ग-गोव्याकडे भिरंडेल आणि इतरत्र मुठेल किंवा कोकमतेल म्हणतात, थंडीत फुटलेल्या टाचांना चोळतात, ती त्याच्या बियांची घट्ट, पांढरट चरबी. ती कोको बटरपेक्षा चार-पाच अंश जास्त उष्णतेला वितळते, म्हणून चॉकलेटला कडकपणा देते. आपल्या परसातलं झाड ब्रसेल्सच्या कायद्यात नावानिशी नोंदलेलं आहे, याचा मला फार आनंद वाटतो. तेव्हा ‘व्हेजिटेबल फॅट’ हे शब्द दिसले की लगेच नाक मुरडू नये.

खरा फरक ओळखायचा तो चॉकलेट आणि कंपाउंड यांतला. कंपाउंडमध्ये कोको बटर जवळजवळ सगळंच काढून त्याऐवजी पामच्या गराचं किंवा तसलं कडक केलेलं तेल घातलेलं असतं. ते टाळूला मेणासारखं चिकटतं आणि स्वस्त पडतं. अशा मालावर ‘चॉकलेट’ हा शब्द सुटा नसतो. ‘चोको’, ‘कोटिंग’, ‘चॉकलेटच्या स्वादाचं’ अशी वळणं घेतलेली असतात. घटकांच्या यादीत पहिली दोन-तीन नावं वाचली तरी उलगडा होतो, कारण जे जास्त तेच यादीत आधी लिहायचं असतं.

‘परदेशी म्हणजे परदेशात बनलेलं’

किंडर जॉय आणि टिक टॅक इटलीच्या फेरेरो कंपनीचे, आणि त्या कंपनीचा कारखाना २०११ पासून बारामतीत आहे. युरोपातून परतलेली मुलं आतून खेळणं निघणारं चॉकलेटचं अंडं मागतात, तेव्हा त्यांना हवं असतं किंडर सरप्राइज. त्याचं कवच खरोखर चॉकलेटचं असतं. आपल्याकडे विकतात ते किंडर जॉय: प्लास्टिकच्या दोन वाट्या, एकीत मऊ क्रीम, दुसरीत खेळणं. वितळेल असं कवचच नसल्यामुळे उन्हाळ्यातही टिकणारा हा वेगळा पदार्थ आहे. अमेरिकेत तर किंडर सरप्राइज विकताच येत नाही, कारण खाद्यपदार्थाच्या पोटात न खाण्याची वस्तू ठेवायला १९३८ च्या कायद्याने तिथे मनाई आहे. दुकानदाराशी हुज्जत घालण्यापूर्वी एवढं मुलांना समजावून सांगितलेलं बरं.

उलटी गोष्ट टोब्लेरोनची. १९०८ साली बर्नमध्ये जन्मलेलं हे चॉकलेट, वेष्टनावर मॅटरहॉर्न शिखर. उत्पादनाचा काही भाग स्लोव्हाकियातल्या ब्रातिस्लावाला हलवायचं ठरलं, आणि २०२३ मध्ये ते शिखर वेष्टनावरून उतरलं. स्विस कायद्याप्रमाणे दुधाच्या पदार्थावर देशाचं चिन्ह मिरवायचं तर दूध सगळं स्वित्झर्लंडचं आणि मुख्य प्रक्रियाही तिथलीच लागते.

‘लिबलिबीत आहे, म्हणजे जिलेटीन असणारच’

शाकाहारी घरांत या समजुतीपायी कितीतरी चांगले पदार्थ न चाखताच परत केले जातात, आणि काही नको असलेले नकळत खाल्ले जातात.

तुर्कस्तानचा लोकुम घ्या. इस्तंबूलचं हाजी बेकिर हे दुकान १७७७ पासून तो बनवतंय. पारंपरिक लोकुममध्ये साखर, पाणी, स्टार्च, थोडं आम्ल आणि गुलाब किंवा पिस्ते असतात. स्टार्च साखरेच्या पाण्यात तासन्‌तास शिजून फुगतो आणि थंड झाल्यावर त्याची वडी धरते. आपल्याकडचा कॉर्नफ्लोअरचा कराची हलवा याच तत्त्वावर होतो. फरक असा की त्यात तूप असतं, लोकुममध्ये नसतं. लोकुमची आठवण अनावर झाली तर कराची हलवा कमी तुपात करून, गुलाबपाणी घालून, वर पिठीसाखर आणि कॉर्नफ्लोअर भुरभुरून पाहावा. चव अगदी तीच येणार नाही, पण दातांना तो बराच ओळखीचा वाटेल.

जपानी मोची चिकट तांदळाची. योकान म्हणजे लाल अझुकी शेंगांच्या दाण्यांची गोड वडी, जी समुद्रशेवाळापासून केलेल्या आगरने, म्हणजे आपल्या चायना ग्रासने, घट्ट होते. दोन्हींच्या मूळ कृतीत जिलेटीन नाही. याउलट जर्मनीतली हारिबोची सोनेरी अस्वलं डुकराच्या जिलेटीनची; तीच कंपनी तुर्कस्तानात गुरांचं जिलेटीन वापरते. बहुतेक मार्शमॅलोतही जिलेटीन असतं. आणखी दोन खुणा लक्षात ठेवाव्यात: ई१२० हा लाल रंग कोचिनियल किड्यांपासून येतो आणि ई९०४ ही चकाकी लाखेची, म्हणजे तीही किड्यांचीच. रीतसर आयात होऊन आलेल्या पाकिटावर हिरव्या ठिपक्याची किंवा तपकिरी त्रिकोणाची खूण असते. आपण स्वतः बॅगेतून आणलेल्यावर ती नसते, त्यामुळे यादी वाचण्याला पर्याय नाही.

‘दुबई चॉकलेट हा जुना अरबी पदार्थ’

कताईफी, म्हणजे पिठाच्या शेवयांसारख्या बारीक धाग्यांपासून होणारा कुनाफा जुना आहे. पॅलेस्टाइनमधलं नाब्लुस त्यासाठी प्रसिद्ध. पण पिस्त्याचं क्रीम आणि कुरकुरीत कताईफी भरलेली चॉकलेटची जाड वडी दुबईतल्या फिक्स या छोट्या व्यवसायाने २०२१ नंतर आणली आणि २०२३ च्या डिसेंबरातल्या एका व्हिडिओनंतर ती जगभर पसरली. त्यामुळे ‘अस्सल दुबई चॉकलेट’ असं लिहिलेल्या प्रत्येक डब्यामागे एखादं परंपरेचं घराणं शोधू नये. ही एक कृती आहे आणि ती घरी होते: कताईफी न मिळाल्यास बारीक शेवया तुपात खमंग परतायच्या, त्यात पिस्त्याचं बटर आणि चमचाभर तिळाची ताहिनी कालवायची, आणि चॉकलेटच्या दोन थरांमध्ये भरायचं. ताहिनी वगळू नका; पिस्त्याच्या गोडव्याला तिनेच धार येते.

बकलाव्याचं मात्र उलट आहे. तिथे परंपरा खरोखर आहे आणि ती प्रांताप्रांतांत बदलते. गाझिआन्तेपच्या बकलाव्याला युरोपीय संघाने २०१३ साली भौगोलिक मानांकन दिलं. तुर्की बकलाव्यात साधा साखरेचा पाक असतो, तर लेबनॉन-सीरियाकडे पाकात गुलाबपाणी किंवा नारिंगीच्या फुलांचं पाणी पडतं. दुबईच्या दुकानात खाल्लेला सुगंधी बकलावा तुर्की मिठाईवाल्याकडे शोधलात तर चुकल्यासारखं वाटणारच. आणि तो फ्रिजमध्ये ठेवू नये. लोणी थिजतं, पापुद्रे मरगळतात. हवाबंद डब्यात बाहेरच चांगला राहतो.

‘आता ऑनलाइन काय मिळत नाही!’

बरंच काही मिळत नाही. जपानात गावोगावच्या भेटवस्तूंच्या मिठाया मुद्दाम त्या-त्या गावापुरत्या ठेवतात. साप्पोरोची शिरोई कोइबितो बिस्किटं, क्योटोची मऊ यात्सुहाशी तिथे जाऊन घ्यायची आणि घरच्यांसाठी आणायची, जसे साताऱ्याहून येताना कंदी पेढे. यातल्या मऊ मिठाया काही दिवसच टिकतात. त्या कोणी महिनाभराच्या कुरिअरने विकत असेल तर घेऊ नका. रॉइस कंपनीचं नामा चॉकलेट १० अंशांखाली ठेवावं लागतं. मुंबईत तिची दुकानं आहेत, आणि हा प्रकार तिथूनच, थंड पिशवीत घालून घ्यावा.

शांघायच्या व्हाइट रॅबिट या दुधाच्या गोळ्या तर इथल्या दुकानात रीतसर येऊच शकत नाहीत. चिनी दुधात मेलामाइन सापडल्यावर २००८ मध्ये भारताने चीनमधून दूध, दुधाचे पदार्थ, चॉकलेट आणि दूध घातलेल्या गोळ्यांची आयात बंद केली आणि ती बंदी पुढे वाढवत नेली. सिंगापूर किंवा हाँगकाँगहून कोणी आणून दिल्याच, तर गोळीला चिकटलेला पारदर्शक कागद सोलत बसू नका. तो तांदळाचा असतो, खायचाच असतो.

‘पांढरं पडलं, म्हणजे बुरशी’

चॉकलेटवर आलेली राखाडी-पांढरी साय बहुतेक वेळा बुरशी नसते. गरमीत सुटलेलं कोको बटर पृष्ठभागावर येऊन पुन्हा गोठतं किंवा फ्रिजमधल्या दमटपणाने साखर वर येते. पोत बिघडतो, पण खायला धोका नसतो. वितळवून गरम दुधात घालावं, वाया जाऊ देऊ नये.

तारखांचा घोळ मात्र खरोखर महागात पडतो. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या दिवसापर्यंत चव उत्तम. ‘यूज बाय’ म्हणजे त्यानंतर खाऊ नये. अमेरिकी पाकिटावर महिना आधी नि दिवस नंतर असतो. जपानी पाकिटावर वर्ष, महिना, दिवस असा क्रम. थायलंडच्या पाकिटावर बौद्ध संवत असू शकतो. तिथे २५६८ दिसलं तर ५४३ वजा करायचे, म्हणजे २०२५. नुसतं ६८ छापलेलं असेल तरी हिशोब तोच.