आंचेचें माप

रुक्मिणीचें माहेर म्हणून ज्याची ख्याति आहे तें कौंडण्यपूर अमरावती जिल्ह्यांत वर्धा नदीच्या कांठीं वसलेलें आहे, हें वाचकांस ठाऊकच असेल. देवदर्शनास येणारीं माणसें गोवऱ्या रचून रोडगे भाजतात; तो धूर लहानपणापासून आमच्या परिचयाचा. पुढें आम्हां चार घरांच्या मंडळींस केक, नानखटाई असे पदार्थही घरींच भाजण्याचा नाद लागला आणि कृतींची देवघेव सुरू झाली. एकीनें लिहून द्यावें, दुसरीनें करून पाहावें, तिसरीनें नांवें ठेवावीं, असा हा क्रम बरींच वर्षें चालला आहे. या देवघेवींत जी गोष्ट आम्हांस फार उशिरा, आणि तीही भर पंगतींत कळली, ती येथें सांगण्याचें योजिलें आहे.

रोडगा म्हणजे काय, हें वऱ्हाडाबाहेरील वाचकांसाठीं आधीं सांगितलें पाहिजे. गव्हाचें जाडसर पीठ घेऊन त्यांत मीठ, ओवा व तेलाचें मोहन घालावें आणि तें घट्ट भिजवावें. मध्यें सुपारीएवढी गोळी घेऊन तिच्यावर तेल लावलेली एकेक पारी गुंडाळीत जावें. पाऱ्यांमधील तेलामुळें थर एकमेकांस चिकटत नाहींत, आणि आंतील पाण्याची वाफ होऊं लागली कीं ते सुटे होतात. मग गोवऱ्यांचा आर करून त्यांत हे गोळे पुरावयाचे. भाजल्यावर राख झटकून ते फोडावे, वर तूप सोडावें, आणि वरण व वांग्याच्या भाजीबरोबर खावे. आतां, हा भट्टीचाच प्रकार नव्हे काय? चहूंकडून उष्णता, वर राखेचें पांघरूण आणि मध्यें पीठ. विजेच्या भट्टींत याहून फारसें निराळें घडत नाहीं. तेथें कळ फिरवून आंच बांधतां येते, एवढाच काय तो फरक.

आमच्या शेजारच्या काकूंचे रोडगे सर्व आळींत नांवाजलेले होते. त्यांनीं आम्हांस कृति लिहून दिली व मोबदल्यांत आमच्याकडून केकची घेतली. पीठ किती, मोहन किती, ओवा किती, सर्व चोख. शेवटीं मात्र एकच ओळ, ‘आरांत अर्धा तास ठेवावे.’ काकू होत्या तोंवर तो कागद उघडण्याची वेळच आली नाहीं. त्या वारल्या, आणि त्याच वर्षीं त्यांच्या घरच्या नैवेद्याचे रोडगे करण्याचें काम आमच्याकडे आलें. चाळीस पानें व्हावयाचीं होतीं. काकूंचे रोडगे मोठ्या लिंबाएवढे असत. संख्या कमी करावी म्हणून आम्हीं ते जवळजवळ दुप्पट जाडीचे केले, आणि घाईनें, गोवऱ्यांची ज्वाळा पुरती बसण्यापूर्वींच आंत टाकले. घड्याळ लावून बरोबर अर्ध्या तासानें काढले. वरून काळेठिक्कर, फोडतांच आंत ओली कणीक! काकूंच्या धाकट्या मुलानें एक शब्दही न बोलतां ताटांतील रोडगा बाजूस सारला आणि वरणभात कालवला. तो रागावला असता तर बरें झालें असतें.

चूक कोठें झाली याचा आम्हीं पुढें बरेच दिवस विचार केला. कणकेच्या गोळ्यांतून उष्णता फार सावकाश आंत जाते. मध्यापर्यंत ती पोहोंचण्यास लागणारा वेळ जाडीच्या प्रमाणांत वाढत नाहीं, जाडीच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. म्हणजे जाडी दुप्पट केली तर वेळ सुमारें चौपट लागणार. अर्ध्या तासाचे दोन तास! कणकेंतील पिष्ट शिजण्यास 60 ते 70 अंश सेंटिग्रेड उष्णता पुरे होते, परंतु तेवढी मध्याला मिळाली पाहिजे. बाहेरचा पदर मात्र पाणी उडून गेल्याबरोबर 100 अंशांच्या पुढें चढतो, 140 च्या सुमारास तांबूस होऊं लागतो आणि फार वर गेला कीं जळतो. राखेनें झांकलेल्या निखाऱ्यांची धग मंद असते, म्हणून पदर जळण्यापूर्वीं मध्याला शिजण्यास अवधि मिळतो. काकू निखाऱ्यांवर राख कां पसरीत, हें आम्हीं त्यांच्या हयातींत कधीं विचारलेंच नाहीं. त्यांनाही तें लिहिण्यासारखें वाटलें नसावें. जें रोज हातानें होतें तें कागदावर कोण उतरवितो?

केकच्या कागदाचीही तीच गत होती. जाड बुडाच्या पातेल्यांत दोन बोटें वाळू घालून, वर डबा ठेवून, झांकण लावून आम्ही केक भाजतों. वाळूमुळें तळाला एकदम चटका बसत नाहीं. परंतु झांकण मध्येंच उघडलें कीं केक बसतो. कारण बुडबुड्यांभोंवतालचें पीठ घट्ट होण्याआधींच आंतील हवा थंड होऊन आक्रसते. एका कृतींत खाण्याचा सोडा होता व ताक लिहावयाचें राहून गेलें होतें. आंबट पदार्थ नसला तर तापल्यावर या सोड्याचा धुण्याचा सोडा होतो! त्या केकला साबणाची चव कां आली, याचा उलगडा त्यांतच आहे. वैशाखांत केलेल्या नानखटाईची सर्व मिळून एकच पोळी झाली, तो दोष तर कोणाचाच नव्हे. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तूप फेसण्याआधींच पाघळतें. तें पहांटेच्या गारव्यांतच फेसलें पाहिजे.

लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणीमित्र’ 1910 सालीं निघालें, आणि 1970 च्या कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’नें वाटी-चमच्याचें माप घरोघर नेलें. आमच्या वहींत आतां त्या मापांखालीं आणखी एक ओळ असते: गोळा केवढा, विस्तव कसा, आणि झालें हें कशावरून ओळखावें. काकूंच्या रोडग्याखालीं आम्हीं लिहिलें आहे: ‘मोठ्या लिंबाएवढा. ज्वाळा नको. निखाऱ्यांवर राख. अंगावर तडा गेला म्हणजे एक फोडून पाहावा.’ पुढल्या वर्षीं त्याप्रमाणें केले, तेव्हां काकूंच्या मुलानें दुसरा रोडगा मागून घेतला.

पुण्याच्या आमच्या एका भाचीनें विजेच्या भट्टीसाठीं किती अंश, म्हणून विचारलें. 180 अंशांवर ठेव आणि चाळीस मिनिटांनीं एक फोडून पाहा, असें आम्हीं कळविलें. रोडगे उत्तम झाले, पण धुराचा वास नाहीं, असें तिचें उत्तर आलें. त्याची कृति आमच्यापाशीं नाहीं. सुटींत इकडे ये, एवढेंच तिला लिहिलें आहे.