दारयावेश राजाची कोनशिला आणि आपला ‘होदू’

नवी इमारत बांधताना कोपऱ्यात मानाने बसवतात त्या दगडाला मराठीत कोनशिला म्हणतात. पुष्कळदा तिच्याखाली चालू नाणी व एखादा लेख ठेवून ती बंद करतात. ही चाल फार जुनी आहे.

दारयावेश राजा आपल्याला तनाखमधून माहीत आहे. एज्राच्या पुस्तकाप्रमाणे त्याने जुन्या दफ्तरात शोध करवून कोरेश राजाचा हुकूम बाहेर काढला, आणि त्याच्या सहाव्या वर्षी यरुशलेमचे बेथ हमिकदाश पुरे झाले. याच राजाने इराणात पर्सेपोलिस येथे मोठा दरबार-महाल बांधायला घेतला. १९३३ साली त्याच्या दोन कोपऱ्यांत पायाखाली दगडी पेट्या सापडल्या. प्रत्येक पेटीत सुमारे ३३ सेंटिमीटरचे दोन चौकोनी पत्रे होते, एक सोन्याचा व एक चांदीचा. पेट्यांखाली नाणी होती.

नाणी काय सांगतात?
सोन्याच्या नाण्यांवर समोरासमोर सिंह आणि बैल आहेत. हा लिडियाच्या क्रीसस राजाचा ठसा. चांदीची नाणी ग्रीकांकडची. धनुर्धारी राजाचे चित्र असलेले दारयावेशाचे स्वतःचे नाणे मात्र एकही नाही. म्हणून अभ्यासक म्हणतात, पाया घातला तेव्हा ते नाणे अजून निघाले नसावे. जे ठेवलेले नाही तेही काळ सांगते!

लेख काय सांगतो?
एकच मजकूर तीन भाषांत आहे: जुनी फारसी, एलामी आणि बाबिलोनी. त्यात राजा आपल्या राज्याच्या चार सीमा सांगतो. त्यांत एक ‘कूश’ आहे आणि एक ‘हिंदूश’, म्हणजे सिंधू नदीकाठचा मुलूख. याच नावाचे हिब्रू रूप ‘होदू’. पुरीमला मेगिल्ला सुरू होते तेव्हा पहिल्याच ओळीत होदू आणि कूश ऐकू येतात. आज शेजारी विचारतात तेव्हा आपणही सांगतो, आमचे आजी-आजोबा होदूहून आले.

इ.स.पू. ३३० मध्ये सिकंदराच्या वेळी पर्सेपोलिस जळाले. महाल गेला, पायाखालचे पत्रे राहिले.

घरचा अभ्यास
आपल्या घरीही कपाटात भारतातले जुने आणे, केतुबा, मराठी पत्रे, फोटो असतील. आजी-आजोबांजवळ बसून एकेक वस्तू काढा. कोणाची, कुठली, कधीची, ते विचारा आणि चिठ्ठीवर मराठी व हिब्रू अशा दोन्ही भाषांत लिहून वस्तूबरोबर ठेवा. मोठ्यांनी सांगावे, मुलांनी लिहावे. मराठी पत्र वाचणारे घरात आहेत तोवरच हे काम होईल.

शब्द: कोनशिला – एव्हेन पिना, नाणे – मत्बेआ, पत्र – मिख्ताव्ह.