मोटर ‘ट्रिप’ झाली? जरा थांबा!

सातारा-सांगलीकडच्या कितीतरी गावांत शेतीचा भार बायकांवरच असतो. घरचा माणूस मुंबईला, नाहीतर सैन्यात. मग रात्री-अपरात्री लाइट आली की बॅटरी घेऊन मोटर चालू करायला जायचं तेही बाईनंच. बचत गटाच्या बैठकांना मी जाते तेव्हा हप्त्यांच्या हिशेबाइतकाच हमखास निघणारा विषय म्हणजे, “ताई, मोटर जळाली हो!” राज्य सरकारनं एप्रिल २०२४ पासून ७.५ एचपीपर्यंतच्या शेतीपंपांना मोफत वीज दिली. पण रिवाइंडिंगचं बिल आपल्यालाच भरावं लागतं, आणि मोटर दुरुस्त होऊन येईपर्यंत ऐन उन्हाळ्यात पीक वाळतं ते वेगळंच.

मैत्रिणींनो, मोटर वाचवणारा राखणदार स्टार्टरच्या पेटीतच बसलेला असतो. त्याचं नाव थर्मल ओव्हरलोड रिले. नाव अवघड, पण काम आपल्या इस्त्रीसारखंच. इस्त्री पुरेशी तापली की ‘टक्’ आवाज होऊन दिवा जातो ना? आत दोन वेगळ्या धातूंची जोडपट्टी असते. तापल्यावर एक धातू जास्त फुगतो, दुसरा कमी. म्हणून पट्टी वाकते आणि वीज तुटते. रिलेमध्ये अशा तीन पट्ट्या असतात, तीन फेजसाठी तीन. मोटरनं जास्त करंट ओढला की त्या तापून वाकतात आणि स्टार्टर ट्रिप होतो.

सुरू होताना मोटर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढते, पण काही सेकंदच. पट्टी तापायला वेळ लागतो, म्हणून एवढ्याला रिले पडत नाही. करंट थोडा जास्त असेल तर तो उशिरा पडतो, फार जास्त असेल तर लवकर.

मोटर जास्त करंट का ओढते? व्होल्टेज कमी असेल, पंपात वाळू-गवत अडकलं असेल, बेअरिंग गेलं असेल. सगळ्यात वाईट म्हणजे एक फेज जाणं. मोटर उरलेल्या दोन फेजवर कण्हत फिरत राहते आणि आतली वायंडिंग भाजून निघते. अशा वेळी रिले पडला, तर त्यानं आपले पैसे वाचवले असं समजा.

आपण मात्र काय करतो? पाणी अर्धंच झालेलं असतं, म्हणून रिसेट दाबून लगेच हिरवं बटण दाबतो. पुन्हा पडला, पुन्हा दाबतो. काही ठिकाणी तर ‘सारखा पडतोय’ म्हणून त्याचा आकडा वाढवून ठेवतात, नाहीतर रिले काढूनच टाकतात. ताप मोजायचं थर्मामीटर फोडल्यानं पोराचा ताप उतरतो का?

तेव्हा रिले पडला की दहा-पंधरा मिनिटं थांबा. तिन्ही फेज आहेत का पाहा. एकदा रिसेट करा. पुन्हा पडला तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. मोटरच्या पाटीवर जे अँपिअर लिहिलेत, त्यानुसारच आकडा लावलाय ना, हे त्याला विचारा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये बहुधा त्याच्या ५८ टक्के लावतात. आणि एक लक्षात ठेवा. विहिरीतलं पाणी संपून मोटर कोरडी फिरली तर करंट उलट कमी होतो, त्यामुळे हा रिले पडत नाही. त्यासाठी वेगळं साधन लागतं.

घरच्या टाकीच्या छोट्या मोटरीतही पुष्कळदा असाच रक्षक वायंडिंगजवळ असतो. तापली की आपोआप बंद, गार झाली की आपोआप चालू! म्हणून बंद पडलेल्या मोटरला स्विच बंद केल्याशिवाय हात लावू नका.

‘बाईला मोटरीतलं काय कळतं?’ असं कुणी म्हणालं तर त्याला सांगा, १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी आपल्याच सांगली जिल्ह्यात किर्लोस्करवाडी वसवली. तिथले पंप देशभर गेले, आणि बायकांसाठीचं ‘स्त्री’ मासिकही १९३० साली तिथूनच निघालं. आपल्या पेटीतल्या त्या छोट्या बटणाची ओळख करून घ्यायला आपल्याला फार तर एक दुपार पुरे.