स्नायूची खबर यकृतापर्यंत कशी पोचते?

२००४ साली लॅन्सेटमध्ये एक छायाचित्र आलं होतं. त्यात दोन डॉक्टर शेजारी शेजारी उभे आहेत, पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन यूडकिन. दोघांचाही बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के! मग उरलेलं वजन कशाचं? त्यात मोठा वाटा स्नायूंचा. आपल्याकडे सडपातळ माणसालाही मधुमेह का होतो, हे समजून घ्यायचं तर या स्नायूंकडे बघावं लागतं.

साखर सांभाळण्याचं काम स्वादुपिंडाचं, असं आपण म्हणतो. ते अर्धसत्य आहे बरं का. स्वादुपिंड इन्सुलिनचा हुकूम सोडतं, पण तो पाळतं कोण? शिरेतून इन्सुलिन आणि ग्लुकोज देऊन माणसांवर मोजमापं केली, तेव्हा उचललेल्या ग्लुकोजपैकी सुमारे ८० टक्के स्नायूंनी घेतलेलं दिसलं.

हा हुकूम पेशीत उतरला की 'एकेटी' नावाचं प्रथिन जागं होतं. तिथून दोन वाटा फुटतात. एका वाटेने ग्लुट-४ ही वाहक प्रथिनं पेशीच्या आवरणाशी येतात आणि ग्लुकोज आत घेतात. दुसरी वाट 'एमटॉर'कडे जाते, म्हणजे नवी प्रथिनं बनवा, पेशी वाढवा. एमटॉर एकट्या इन्सुलिनचं ऐकत नाही. जेवणातल्या ल्युसिनचं आणि स्नायूवर पडलेल्या ताणाचंही ऐकतं.

आता २००८चा बोस्टनचा प्रयोग बघा. केनेथ वॉल्श यांच्या गटाने असे उंदीर तयार केले, की औषध दिलं की त्यांच्या फक्त स्नायूंमध्ये एकेटी चालू व्हावं. उंदरांना चरबी आणि साखर चारून लठ्ठ केलं आणि मग ते बटण दाबलं. स्नायू वाढले, अंगावरची चरबी उतरली, यकृतात साठलेली चरबीसुद्धा गेली. गंमत अशी, की वाढले ते जलद आकुंचनाचे तंतू. झटक्यात जोर लावायला लागतात ना, ते. हे तंतू स्वतः चरबी फारशी जाळत नाहीत. स्नायूंची चरबी जाळण्याची क्षमता तर या उंदरांत उलट कमीच झाली होती. मग चरबी जाळली कोणी? यकृताने! स्नायूत काय चाललंय याची खबर यकृताला लागली होती.

ही खबर नेणारा एक निरोप्या बाझलच्या प्रयोगांत सापडला. मार्कुस र्यूग यांच्या गटाने उंदरांच्या स्नायूंमधला एमटॉरचा ब्रेक, म्हणजे टीएससी-१ हे जनुक, काढून टाकलं. स्नायूंमधून एफजीएफ-२१ नावाचं संप्रेरक रक्तात येऊ लागलं आणि उंदीर बारीक राहिले.

एका चिठ्ठीत विचारलंय, "मग एमटॉर कायम चालू ठेवणारी गोळी का नको?" चांगला प्रश्न आहे. पण त्याच उंदरांची पुढची गोष्ट ऐका. वाढीचा इशारा अखंड चालू असूनही त्यांचे बहुतेक स्नायू रोडावले. कारण एमटॉर अति चालला की तो उलट फिरून इन्सुलिनचाच निरोप अडवतो. एकेटी मंदावतं आणि स्नायू ग्लुकोज कमी घेतो. शिवाय पेशी आपला जुना कचरा स्वतः मोडून वापरते, ती झाडलोट एमटॉर चालू असताना थांबते. उंदरांचं वय वाढलं तसा स्नायूंचा आजार दिसू लागला. थोडक्यात, उंदीर बारीक दिसत होते, पण निरोगी नव्हते. निरोगी शरीरात हा इशारा जेवणानंतर चढतो, उपाशीपोटी उतरतो, आणि त्या उतरण्याच्या वेळात झाडलोट होते.

आणखी एक सांगतो, मधुमेही मंडळींच्या कामाचं आहे. स्नायू आकुंचन पावला की ग्लुट-४ पेशीच्या आवरणाशी येतं, आणि ते इन्सुलिनच्या वाटेने नाही. त्याची वाट वेगळी आहे. ज्याच्या शरीरात इन्सुलिनचा हुकूम नीट पोचत नाही, त्याच्याही स्नायूंत ही वाट बहुतेक उघडी असते. म्हणून जेवणानंतर थोडं चाललं, की साखर तेवढी चढत नाही.