वेगमर्यादा का मोडता? या प्रश्नाच्या उत्तरांचं करायचं काय

एखाद्या कारवाल्याला विचारून बघा, "एक्स्प्रेस वेवर मर्यादा १०० ची आहे, मग तुम्ही १२० ने का चालवता?" उत्तर शोधावं लागत नाही, लगेच मिळतं. रस्ता मोकळा होता. सगळेच चालवतात. १०० ला तर झोप येते. वीस वर्षं गाडी चालवतोय, अजून एक ओरखडा नाही.

आता समजा तुम्हाला हाच विषय सिनॉप्सिससाठी घ्यायचा आहे. पहिला विचार काय येतो? प्रश्नावली करू, २०० चालकांना कारणं विचारू, टक्केवारी काढू, पाय चार्ट लावू आणि वर शीर्षक देऊ, "वेगमर्यादा उल्लंघनाची कारणे". असे प्रकल्प भरपूर होतात. अडचण अशी की त्या चार्टमध्ये जे येतं ते चालकाने विचारल्यावर दिलेलं स्पष्टीकरण असतं. त्यामुळे गाडीचा वेग वाढला की नाही, हे वेगळं तपासावं लागतं. हे तपासायचं कसं, ते या लेखात बघू. विषय वाहतुकीचा असला तरी "लोक असं का वागतात" असा कुठलाही प्रश्न घेणाऱ्याला याचा उपयोग होईल.

आधी, हे महत्त्वाचं का

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात ४,६१,३१२ अपघात झाले आणि १,६८,४९१ माणसं गेली. त्यातले सुमारे ७१ टक्के मृत्यू "ओव्हरस्पीडिंग" या रकान्यात आहेत. हा आकडा प्रस्तावनेत सगळेच टाकतात. तुम्हीही टाका, पण तो कसा तयार होतो हे माहीत असू द्या. अपघात झाला त्या क्षणी गाडीचा वेग कुठल्या यंत्राने मोजलेला असतोच असं नाही. तपास करणारे पोलीस नंतर नोंद करतात. म्हणजे हा रकाना मोजमापाचा कमी आणि निष्कर्षाचा जास्त आहे.

वेगाचा धोका मात्र या एका रकान्यावर अवलंबून नाही. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते हे आपण शाळेत शिकलो. १०० वरून १२० म्हणजे वेग २० टक्के जास्त, पण ऊर्जा ४४ टक्के जास्त. जागतिक आरोग्य संघटना सांगते, की रस्त्यावरचा सरासरी वेग १ टक्क्याने वाढला तर जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी वाढतो. त्यामुळे चालकाच्या डोक्यात काय चाललंय हे नीट समजणं गरजेचं आहे. निदान चुकलं तर उपायही चुकतो, आणि या विषयात त्याची किंमत माणसांच्या जिवात मोजावी लागते.

पहिला फरक: चूक की उल्लंघन

१९९० मध्ये जेम्स रीझन आणि त्यांच्या मँचेस्टरमधल्या सहकाऱ्यांनी ५२० चालकांना एक प्रश्नावली दिली. गाडी चालवताना होणाऱ्या ५० वेगवेगळ्या चुकीच्या गोष्टी त्यात होत्या आणि प्रत्येक गोष्ट आपल्याकडून किती वेळा होते ते सांगायचं होतं. उत्तरांचं विश्लेषण केल्यावर चुका आणि उल्लंघनं वेगवेगळ्या गटांत पडली. आरसा न बघता वळणं ही चूक. मर्यादा माहीत असून ती ओलांडणं हे उल्लंघन. वय वाढतं तशी उल्लंघनं कमी होतात, पुरुषांमध्ये ती जास्त दिसतात, हेही त्यात आलं. चुका मात्र त्या पद्धतीने बदलत नव्हत्या. म्हणजे दोन्हींची मुळं वेगळी आहेत.

पण नुसता वेग बघून कुठलं काय हे कळत नाही. मर्यादा ६० ची आणि गाडी ८० वर, एवढंच कॅमेऱ्याला दिसतं. चालकाने फलक पाहिलाच नसेल. पाहूनही दुर्लक्ष केलं असेल. तिसरी शक्यता अशी, की आपण ८० वर आहोत हे त्याला जाणवलंच नसेल. ही तिसरी शक्यता खरी आहे. तासभर एक्स्प्रेस वेवर पळून जुन्या हायवेला उतरलं की ६० सुद्धा रांगल्यासारखं वाटतं. १९६९ मध्ये श्मिट आणि टिफिन यांनी हे तपासलं. बराच वेळ ताशी ७० मैलांनी गाडी चालवलेल्या लोकांना स्पीडोमीटर न बघता ४० वर यायला सांगितलं, तर ते त्याहून बरंच जास्त वेगात राहिले. अशा चालकाला "का मोडली?" विचारण्यात अर्थ नाही. त्याने ठरवून काही केलेलंच नाही. त्याला लागतो तो वेळेवर दिसणारा फलक आणि वेग कमी करायला लावणारी रस्त्याची रचना.

दुसरा फरक: इरादा की सवय

ठरवून वेग वाढवणाऱ्यांसाठी सर्वांत जास्त वापरली गेलेली चौकट म्हणजे आइझेक आयझेन यांची थिअरी ऑफ प्लॅन्ड बिहेविअर. तिचं म्हणणं असं, की इरादा तीन गोष्टींतून तयार होतो. मला हे करणं कसं वाटतं, माझ्या जवळच्या माणसांना ते कसं वाटेल, आणि ते करणं न करणं माझ्या हातात किती आहे. मार्क एलियट आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये ब्रिटनमधल्या चालकांवर ही चौकट लावली. आधी प्रश्नावली भरून घेतली, तीन महिन्यांनी त्याच लोकांना त्यांचं प्रत्यक्ष वागणं विचारलं. इरादा आणि "माझ्या हातात आहे" ही जाणीव यांवरून पुढचं वागणं बऱ्यापैकी सांगता आलं.

या अभ्यासाची रचना लक्षात ठेवा. मत आज विचारलं, वागणं नंतर. एकाच दिवशी एकाच फॉर्मवर दोन्ही विचारलं तर माणूस आपली उत्तरं एकमेकांशी जुळवून देतो आणि तुमचा सहसंबंध फुगतो.

पण रोज त्याच रस्त्याने जाणारा माणूस दर वेळी इरादा करतो का? तोच टोलनाका, तोच उतार, तोच पायाचा दाब. तिथे निर्णय कधीच मागे पडलेला असतो, उरते ती सवय. मग तुम्ही जाऊन विचारता "का?", आणि समोरचा माणूस भला असतो, तो उत्तर देतो. पण ते उत्तर तो त्याच क्षणी तयार करत असतो. म्हणून "का" ऐवजी "गेल्या फेरीचं सांगा" असं विचारा. कधी निघालात, गाडीत कोण होतं, स्पीडोमीटरकडे कुठे लक्ष गेलं? यातून मिळणारी माहिती जास्त कामाची असते.

तिसरा फरक: कारण की समर्थन

ग्रेशम साइक्स आणि डेव्हिड मॅत्झा यांनी १९५७ मध्ये बालगुन्हेगारीवर एक निबंध लिहिला. नियम मोडणारी बरीचशी मुलं नियम मानतात, पण स्वतःपुरती सूट काढून घेतात, असं त्यांचं म्हणणं. या सुटीचे त्यांनी पाच प्रकार सांगितले. आपल्या रस्त्यावर ते असे ऐकू येतात:

- जबाबदारी नाकारणं: "मागचा सारखा हॉर्न देत होता, मी काय करणार?"
- नुकसान नाकारणं: "पहाटे चार वाजता रस्ता रिकामा होता, कोणाचं काय बिघडलं?"
- ज्याचं नुकसान झालं त्यालाच दोष देणं: "एक्स्प्रेस वेवर पायी यायचंच नसतं, आला तर त्याची चूक."
- पकडणाऱ्यालाच धारेवर धरणं: "आधी खड्डे बुजवा, मग चलान पाठवा."
- मोठ्या कर्तव्याचा दाखला: "पॅसेंजरची फ्लाइट होती, पोचवणं भाग होतं."

मुलाखतींचं कोडिंग करायला ही पाच खणांची पेटी फार सोयीची आहे. पण तिच्यात दोन खाचा आहेत.

पहिली खाच काळाची. साइक्स आणि मॅत्झा म्हणतात, की हे समर्थन कृत्याच्या आधी डोक्यात असतं आणि त्यामुळे कृत्य शक्य होतं. पण आपण मुलाखत नंतर घेतो. मग सूट आधी होती की चलान आल्यावर सुचली, हे त्या मुलाखतीतून कळू शकत नाही. या सिद्धांतावर ही टीका जुनी आहे आणि व्हायव्हामध्ये तुम्हाला नक्की विचारली जाईल.

दुसरी खाच जास्त गंभीर आहे. समर्थन म्हणून कोड केलेलं वाक्य खरंही असू शकतं. दिवसाच्या फेऱ्या मोजून पैसे मिळणारा कॅबचालक म्हणतो, "वेळ गाठायची होती." स्वतःच्या गाडीने वीकेंडला लोणावळ्याला निघालेला माणूसही तेच म्हणतो. तुमच्या चार्टमध्ये दोघं एकाच खणात पडतात. पण एकाच्या बाबतीत फेरीचं वेळापत्रक बदललं तर वेग उतरेल, दुसऱ्याच्या बाबतीत काहीच होणार नाही. पहिल्याचं वाक्य "सबब" म्हणून नोंदवलंत, तर वेळापत्रक आखणारा तुमच्या प्रबंधातून सुटतो आणि सगळा दोष स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाच्या माथी जातो. यावर उपाय म्हणजे तुलना. तोच चालक, तोच रस्ता, एकदा पॅसेंजर घेऊन आणि एकदा रिकामी गाडी. वेग वेगळा दिसला तर त्याच्या बोलण्याला आधार मिळाला.

काही उत्तरं थेट तपासता येतात

"वेळ वाचतो." घाट सोडून ७५ किलोमीटर सपाट रस्ता धरा. १०० ने ४५ मिनिटं, १२० ने साडेसदतीस. सगळा रस्ता जराही ब्रेक न लावता मिळाला तरी साडेसात मिनिटं. मौज अशी, की १० किलोमीटरच्या रस्त्यावर ३० ऐवजी ४० ने गेलं तर ५ मिनिटं वाचतात, पण १०० ऐवजी ११० ने गेलं तर जेमतेम अर्धं मिनिट. ओला स्वेन्सन यांनी दाखवलं आहे, की आधीच जास्त असलेला वेग आणखी वाढवल्याने वाचणारा वेळ लोक अंदाजात फुगवतात. म्हणजे चालक खोटं बोलत नसतो, त्याचा अंदाजच चुकलेला असतो.

"मी चांगला चालवतो." स्वेन्सन यांचाच १९८१ चा अभ्यास. कौशल्यात आपण वरच्या निम्म्या लोकांत आहोत असं अमेरिकेतल्या ९३ टक्के आणि स्वीडनमधल्या ६९ टक्के सहभागींनी सांगितलं. हा आकडा सगळीकडे फिरतो, पण सहभागी विद्यार्थी होते आणि नमुना लहान होता, हे सोबत लिहायला विसरू नका.

"सगळेच चालवतात." लार्स ओबेर्ग आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये रस्त्यावर गाड्यांचे वेग मोजले आणि त्याच चालकांना इतरांच्या वेगाबद्दल विचारलं. मर्यादा मोडणाऱ्यांचं प्रमाण लोकांना प्रत्यक्षापेक्षा जास्त वाटत होतं. याचं एक कारण साधं असावं. आपल्याला ओलांडून जाणारा लक्षात राहतो, मागे राहिलेला नाही.

या शेवटच्या अभ्यासाची पद्धत बघा. मोजलेला वेग आणि सांगितलेलं मत, दोन्ही एकाच माणसाचं. नुसत्या प्रश्नावलीतून हे कधीच मिळालं नसतं.

तुम्ही हा विषय घेणार असाल तर

गाईडकडे जाण्याआधी तीन गोष्टी लिहून काढा.

एक, तुम्हाला नक्की काय मोजायचंय? वेग, इरादा, सवय की समर्थन? चारही एका पीएचडीत मावणार नाहीत. निदान एक पक्कं धरा आणि बाकीच्यांबद्दल दावा करू नका.

दोन, वेग कुठे आणि कसा मोजणार? कॅमेऱ्याच्या खांबाशी मोजलात तर खांबाचा परिणाम मोजाल. कॅमेरा दिसला की ब्रेक आणि पुढे गेलं की पुन्हा पाय, हे सगळ्यांना माहीत आहे. दोन ठिकाणांमधला सरासरी वेग वेगळं चित्र दाखवतो.

तीन, समोरचा माणूस तुम्हाला स्वतःचा कायदेभंग सांगतोय. मोटार वाहन कायद्यात हलक्या वाहनाला यासाठी १००० ते २००० रुपये दंड आहे आणि गाडी चालवणं हीच ज्याची रोजीरोटी आहे त्याला नोकरीचीही भीती असते. गाडीचा नंबर, मालकाचं नाव, फेरीची तारीख यांतलं काहीही तुमच्या नोंदीत ओळख पटेल अशा रूपात राहता कामा नये. एथिक्स कमिटीच्या फॉर्ममध्ये हे कसं करणार ते आधीच लिहा. मुलाखत सुरू करताना चालकालाही साध्या मराठीत सांगा. तो मोकळा बोलला तरच तुमचा डेटा काही कामाचा.

आणि प्रश्नावली छापण्याआधी पाच चालकांशी चहा घेत नुसत्या गप्पा मारा. तुमच्या यादीतल्या कुठल्या पर्यायाकडे ते बघतही नाहीत आणि कुठली गोष्ट यादीत नसूनही पुन्हा पुन्हा सांगतात, ते टिपून ठेवा. प्रश्नावलीचा दुसरा मसुदा तिथून सुरू करा.