शहराची स्कायलाइन सुंदर का दिसते?



भारतातून आई-बाबा किंवा मित्रमंडळी आली की आपण त्यांना हमखास शहराची स्कायलाइन दाखवायला नेतो. स्कायलाइन म्हणजे इमारतींच्या माथ्यांनी आकाशावर काढलेली रेघ. फोटो निघतात, 'काय मस्त दिसतंय!' असं सगळे म्हणतात. पण मस्त का दिसतं? उंच इमारती आता जगभर आहेत, आपल्या परळ-दादरलाही आहेत. तरी एका शहराची रेघ डोळ्यांत भरते आणि दुसऱ्याची नुसती गर्दी वाटते. आज कॅनडातल्या काही शहरांच्या आधारे याची कारणं पाहू.

पहिलं कारण म्हणजे समोरची मोकळी जागा. टोरांटोच्या बे स्ट्रीटवर उभं राहून मान वर केली तर फक्त भिंती दिसतात. तिथूनच खाली धक्क्यावर जाऊन आयलंड्सची फेरी पकडा. दहा-पंधरा मिनिटांत तेच डाउनटाउन एका चित्रासारखं समोर येतं, कारण मध्ये सरोवराचं पाणी आलेलं असतं. ऑटवातली संसद नदीपलीकडून, गॅटिनोच्या काठावरून सर्वांत छान दिसते, तेही याच कारणाने. कॅल्गरीत हे काम स्कॉट्समन्स हिलचा उंचवटा करतो.

दुसरं कारण, नजर टेकायला एक ठिकाण. टोरांटोत ते आहे सीएन टॉवर, 553 मीटर उंच, 1976 साली लोकांसाठी खुला झालेला. गंमत म्हणजे तो शोभेसाठी बांधला नव्हता. डाउनटाउनमधल्या नव्या उंच इमारती टीव्ही-रेडिओच्या लहरी अडवत होत्या, म्हणून त्यांच्याहून उंच मनोरा हवा होता. आज तो काढून टाकला, तर हे टोरांटोच आहे की दुसरं एखादं शहर, हे ओळखायला वेळ लागेल. कॅल्गरीची गोष्ट उलटी आहे. 1968 सालचा 191 मीटरचा कॅल्गरी टॉवर एके काळी शहराची खूण होता. नंतर आजूबाजूला त्याहून उंच इमारती आल्या. 2012 साली पूर्ण झालेली 'द बो' ही एकटीच 236 मीटरची आहे. आता कित्येक बाजूंनी तो टॉवर शोधावा लागतो.

तिसरं कारण, रंग आणि आकारातलं वेगळेपण. टोरांटोच्या बँकांच्या इमारती आठवा. मीस व्हान डर रोह या वास्तुविशारदाचे टीडी सेंटरचे काळे टॉवर, स्कोशिया प्लाझाचा लालसर ग्रॅनाइट आणि रॉयल बँक प्लाझाची सोनेरी काच. त्या काचेवर खऱ्याखुऱ्या सोन्याचा पातळ थर आहे, म्हणून संध्याकाळच्या उन्हात ती अशी झळकते. मिसिसागातल्या मंडळींना ॲब्सोल्यूट वर्ल्डचे ते पिळदार जोड टॉवर माहीत आहेतच. लोकांनी त्यांना 'मेरिलिन मन्रो' हे नाव दिलं. शेजारच्या चौकोनी करड्या-हिरव्या काचेच्या कॉन्डोंना असं टोपणनाव कुणी देत नाही.

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं: मागे काय दिसतं आणि ते दिसावं म्हणून कोण काय करतं. व्हँकुव्हरच्या इमारती टोरांटोच्या मानाने बुटक्या आहेत. पण मागे नॉर्थ शोअरचे डोंगर आहेत, आणि ते आपोआप दिसत नाहीत. 1989 साली तिथल्या नगर परिषदेने 'व्ह्यू कोन' ठरवले. ठरावीक सार्वजनिक जागांवरून डोंगरांकडे आणि पाण्याकडे जाणाऱ्या नजरेच्या वाटा नकाशावर आखल्या आणि त्या वाटेत येईल इतकी उंच इमारत बांधायची नाही असा नियम केला. सडपातळ टॉवर आणि दोन टॉवरांमध्ये अंतर, हाही त्याच विचाराचा भाग. माँट्रियलमध्ये इमारतीचा माथा माँ-रॉयाल टेकडीच्या वर, म्हणजे समुद्रसपाटीपासून 233 मीटरच्या वर जाऊ देत नाहीत. त्यामुळे तिथल्या सर्वांत उंच इमारती 200 मीटरच्या आसपास थांबतात आणि शहराचा माथा अजून टेकडीकडेच आहे. हॅलिफॅक्समध्ये किल्ल्याच्या टेकडीवरून बंदर दिसत राहावं म्हणून 1974 पासून असे नियम आहेत.

म्हणजे सुंदर स्कायलाइन हा शहरातल्या लोकांनी घेतलेला निर्णय असतो, आणि त्याची किंमतही मोजावी लागते. उंचीला मर्यादा घातली की त्याच जमिनीवर घरं कमी होतात. घरांची टंचाई आणि किमती आपण सगळेच अनुभवतो आहोत. व्हँकुव्हरमध्ये हाच प्रश्न उभा राहिला, आणि 2024 साली परिषदेने जास्त घरांना वाव मिळावा म्हणून व्ह्यू कोनचे नियम सैल केले. काहींना ते योग्य वाटलं. काहींचं म्हणणं, डोंगर एकदा झाकला गेला की तो परत उघडा करता येत नाही. व्यवसायाने हिशेब मांडणारा माणूस म्हणून मला दोन्ही बाजू पटतात. घराला पर्यायी जागा शोधता येते, डोंगराला नाही. पण ज्याला घरच मिळत नाही, त्याला हे सांगणंही सोपं नाही.

कॉन्डो घेणाऱ्यांसाठी यात एक धडा आहे. वर सांगितलेले नियम जपतात ते सार्वजनिक जागेवरून दिसणारं दृश्य. तुमच्या बाल्कनीतून दिसणाऱ्या तळ्याची हमी साधारणपणे कायदा देत नाही. 'लेक व्ह्यू'साठी जास्त पैसे मोजण्याआधी समोरच्या रिकाम्या प्लॉटवर किंवा पार्किंगच्या जागेवर काय मंजूर झालं आहे, ते नगरपालिकेच्या वेबसाइटवर जरूर बघा. मोठ्या प्रकल्पाचा अर्ज आला की बहुतेक वेळा त्या जागेवर पाटी लागते आणि रहिवाशांना मत मांडायची संधी मिळते. त्या बैठकीत आपली माणसं फार कमी दिसतात. मुलांनाही घेऊन जा, शहर कसं ठरतं ते त्यांना तिथे कळेल.

शेवटी, स्कायलाइन बघायला कधी जावं? सूर्यास्तानंतरचा अर्धा तास गाठा. तेव्हा आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात आणि इमारतींच्या कडाही दिसत असतात. डिसेंबरात ही वेळ पाचच्या सुमारास येते, ऑफिसं अजून उजळलेली असतात. थंडी असते, पण थर्मासमधून चहा न्या. टोरांटोकरांनी रिव्हरडेल पार्कची उतरण किंवा हंबर बे पार्क गाठावं, माँट्रियलकरांनी टेकडीवरचा कोंडियारोंक कट्टा.

तुमच्या शहराची रेघ कुठून सर्वांत छान दिसते, ते आम्हाला जरूर कळवा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार!