चौकशीआधी शिक्षा नको

आमच्या युनियनच्या कचेरीतील संगणकात आम्ही नवी रॅम आणि एका सभासदाने दिलेले ग्राफिक्स कार्ड बसविले, आणि यंत्र मुके झाले. पंखा फिरे, पण पडदा काळा. कामगारांच्या थकबाकीचे हिशेब आत, आणि सुनावणी दोन दिवसांवर! कुणी म्हणाले, मदरबोर्ड गेला, नवा घ्या. वर्गणीच्या पैशांत ते कसे परवडावे?

कारखान्यातले जुने फिटर सांगत, शेवटचा हात कुठे लागला ते आधी पाहा. आम्ही वीज तोडली, दोन्ही नवे भाग काढले, जुनी रॅम ठेवली आणि पडद्याची तार बोर्डालाच लावली. यंत्र सुरू झाले. म्हणजे बोर्ड निर्दोष! मग दर वेळी वीज तोडून एकेक भाग घातला. नवी रॅम खटका वाजेपर्यंत दाबली, ठीक. कार्ड बसविताच पुन्हा अंधार. कार्डाला बोर्डाच्या खाचेतून ७५ वॅटपर्यंतच वीज मिळते. अधिक लागली तर पॉवर सप्लायची वेगळी तार जोडावी लागते. तीच आम्ही विसरलो होतो.

चौकशीआधी शिक्षा नको, असे आम्ही मालकांना जन्मभर सांगत आलो. यंत्रालाही तोच न्याय लावावा.